दोन लाख बेनाव फायली आणि एनएसआरएल : सांगलीतल्या रिपेअरिंगवाल्याचा रिव्ह्यू

लोक मोबाईलचा रिव्ह्यू लिहितात, भडंगाचा लिहितात, मी एका यादीचा लिहितोय. खरोखर यादीच आहे ती, सॉफ्टवेअरच्या सीड्या-डाउनलोडमधून निघालेल्या एकेक फायलीच्या हॅशची, म्हणजे ओळखीच्या नंबराची, अमेरिकेतली निस्ट नावाची सरकारी संस्था बनवते आणि कुणालाही फुकट देते, नाव नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी, म्हणजे एनएसआरएल. माझं विश्रामबागला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, रॅम बदलणे, विंडोज मारणे, प्रिंटरचा कागद अडकला की ओढून काढणे असली कामं, त्यामुळं हे आपल्या कधी उपयोगाचं असेल असं डोक्यात पण नव्हतं. हे पोलिसांच्या लॅबचं काम, आपलं काय संबंध. पण गेल्या पावसाळ्यात गावभागातले एक आण्णा हार्डडिस्क घेऊन आले आणि मला हे शिकावंच लागलं.

आण्णा हळदीचे व्यापारी. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर उचलून माडीवर नेलेला, पाणी खाली दोन पायऱ्यांवर थांबलं, म्हणजे डिस्क भिजली नाही. पण पूर ओसरल्यावर कॉम्प्युटर चालू होईना, मग भाच्याला बोलवलं, आणि भाच्यानं सरळ फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकली. पुराला जे जमलं नाही ते भाच्यानं अर्ध्या तासात केलं. आण्णांनी तेवढा शहाणपणा केला की फोटो गेलेत कळल्यावर त्यांनी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही, डिस्क काढून कपाटात ठेवली, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून आणली. पाहिजे काय तर मुलीच्या लग्नाचे फोटो आणि जमिनीचे स्कॅन केलेले कागद.

डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल काढली, त्यावर फोटोरेक हे उडालेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर चालवलं. ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत आहे, फोटोरेक फायलीची नावं-फोल्डर काही बघत नाही, डिस्कवर कच्चा डेटा वाचत जातो आणि फायलीची सुरुवात दिसली की उचलतो. त्यामुळं मिळतं भरपूर पण नाव-गाव काही नसतं, एफ नंतर सात-आठ आकडे, आणि पाचपाचशेच्या गठ्ठ्यानं फोल्डर. आण्णांच्या डिस्कमधनं दोन लाखाच्या वर फायली निघाल्या. त्यात लग्नाचे फोटो होते हे नक्की, मी दहा-बारा बघितले पण होते, पण त्यांच्या आजूबाजूला जुन्या विंडोजची चित्रं, नव्या विंडोजची चित्रं, प्रिंटरच्या ड्रायव्हरमधले फोटो, हेल्पची पानं, कुठल्यातरी गेमच्या झाडा-दगडांची चित्रं असा सगळा कचरा. आण्णा म्हणाले, "भावा, सगळं दे की पेनड्राइव्हमध्ये, आम्ही बघतो निवांत." म्हणलं आण्णा, निवांत म्हणजे किती, नातू कॉलेजला जाईल तवर बघत बसाल.

आता इथं हॅश कामाला येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, हॅश म्हणजे फायलीच्या आतल्या सगळ्या बाइटांवरून हिशोब करून काढलेला एक ठराविक लांबीचा नंबर. पोतं एक असो नाहीतर ट्रकभर, पावती तेवढ्याच आकाराची. हिशोबाच्या पद्धती वेगवेगळ्या, एमडी५ ची पावती ३२ अक्षरांची, शा-१ ची ४०, शा-२५६ ची ६४. फायलीचं नाव बदला, तारीख बदला, दुसऱ्या डिस्कवर टाका, नंबर तोच. पण आत एक बिट जरी इकडचा तिकडं झाला की सगळा नंबरच वेगळा येतो, शेवटचा एखादा आकडा नाही, सगळाच. म्हणजे नाव हरवलेल्या फायलीला ओळखायला याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण त्याला नाव लागतच नाही. आता जगात कुणीतरी आधीच विंडोजच्या सीडीतल्या सगळ्या फायलींचे नंबर काढून ठेवले असतील तर माझ्या दोन लाखांतल्या विंडोजवाल्या फायली आपोआप बाजूला पडणार, आणि मागं राहील ते आण्णांचं स्वतःचं. सुपात घेऊन पाखडायचं, फोल उडून जातं, दाणा राहतो.

निस्टवाले हेच करतात. ते सॉफ्टवेअर मिळवतात, विकत घेतात नाहीतर कंपन्या देतात, जे डब्यात-खोक्यात आलंय ते मूळ खोकं जपून ठेवतात, आणि आतली एकेक फाइल बाहेर काढून तिचा हॅश, नाव, साइझ, कुठल्या पॅकेजमधली, कुठल्या कंपनीची हे नोंदवतात. उद्या कोर्टात कुणी विचारलं की ही फाइल याच सॉफ्टवेअरमधली कशावरून, तर खोकं दाखवता यावं म्हणून. तुम्हाला फक्त नंबर मिळतात, सॉफ्टवेअर मिळत नाही, हे आधीच सांगतो कारण माझ्या एका मित्राला वाटलेलं की इथनं जुनं फोटोशॉप फुकट डाउनलोड होतं. दर तीन महिन्यांनी नवीन यादी येते, मॉडर्न, लेगसी, अँड्रॉइड, आयओएस असे वेगळे सेट असतात. पूर्वी ती साध्या टेक्स्ट फायलीत यायची, आता एसक्यूलाइट डेटाबेस, म्हणजे टेबलं असलेली एक फाइल असते, आणि हा बदल एक नंबर आहे, कारण थेट क्वेरी मारून पाहिजे ते शोधता येतं.

डाउनलोड मात्र जीवावर येतं. मॉडर्न सेट अवाढव्य आहे, झिप उघडल्यावर किती फुगतो ते आधी बघा, मी बघितलं नाही, रात्री लावून घरी गेलो आणि सकाळी दुकानाच्या पीसीची सी ड्राइव्ह लालभडक, बिलिंगचं सॉफ्टवेअर पण उघडेना. माझीच चूक, मोकळी डिस्क वेगळी ठेवायला पाहिजे होती. मिनिमल नावाचा छोटा सेट पण असतो, ज्यात एकच हॅश पुन्हापुन्हा येत नाही, आपल्यासारख्यानं तोच घ्यावा. एकदा पूर्ण घेतला की पुढच्या तिमाहीला फक्त डेल्टा घ्यायचा, म्हणजे वाढलेला-बदललेला भागच.

मग मी हॅशडीप या हॅश काढायच्या टूलनं दोन लाख फायलींचे हॅश काढले, ते एका टेबलात भरले, एनएसआरएलच्या टेबलाशी जुळवले, आणि उत्तर आलं शून्य. एक पण जुळली नाही. विंडोजच्या डिस्कमधनं विंडोजची एक फाइल जुळू नये म्हणजे काय? रात्री साडेअकरापर्यंत बसलो, बायकोचे तीन फोन येऊन गेले, सेट चुकीचा घेतला का, डाउनलोड अर्धवट झालं का, सगळं तपासलं. शेवटी डोळ्यासमोरच होतं, एनएसआरएलमधले हॅश कॅपिटल अक्षरात आणि हॅशडीपचे स्मॉल अक्षरात, आणि एसक्यूलाइटला ती दोन वेगळी वाटतात. अक्षरं कॅपिटल करणारं एक अप्पर फंक्शन लावलं आणि धडाधड जुळायला लागलं. हे वाचणाऱ्या कुणाचा तरी एक वैताग वाचावा म्हणून सांगतोय. अजून एक, झिरो बाइटच्या रिकाम्या फायली असतील तर त्या सगळ्यांचा हॅश एकच येतो, शा-१ चा डीए३९ नं सुरू होणारा, तो दिसला की घाबरू नका, काही गूढ नाही, फाइल रिकामी आहे एवढंच.

जुळलेल्या फायली निम्म्याहून जास्त निघाल्या. एका रात्रीत निम्म्याच्या वर कचरा बाजूला, ते पण एकही फोटो उघडून न बघता, हे फुकटात मिळतंय म्हणल्यावर मी खूशच झालो. पण राहिलेल्यात पण बराच कचरा होता आणि तो का राहिला हे कळायला मला दोन दिवस गेले. एक तर फोटोरेकला काही प्रकारच्या फायलींचा शेवट नीट कळत नाही, शेपटीला जास्तीचे बाइट चिकटतात, मग फाइल विंडोजचीच असली तरी हॅश वेगळा. दुसरं, डीएलएल म्हणून विंडोजच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या फायली असतात, त्यांच्या पोटात जी चिल्लर आयकॉन-चित्रं असतात ती फोटोरेक वेगळी काढून देतो, पण निस्टच्या यादीत डीएलएलचा नंबर आहे, तिच्या पोटातल्या चित्राचा नाही. तिसरं, ब्राउझरचा कॅश, म्हणजे साइट बघताना आपोआप साठलेल्या फायली, जाहिराती आणि बातम्यांचे फोटो, ते कुठल्याच सॉफ्टवेअरचे नाहीत. त्यामुळं पुढं मी साइझ लावला, वीस केबीच्या आतली चित्रं बाजूला, कॅमेऱ्याची माहिती आत असलेल्या जेपीजी वेगळ्या, आणि एकमेकांशी हॅश जुळणाऱ्या डुप्लिकेट एकावर आणल्या, आण्णांच्या जावयानं एकच अल्बम चार वेळा कॉपी केलेला. शेवटी हातात आले ते साडेतीन-चार हजार फोटो. बेदाण्याचं ग्रेडिंग बघितलंय का कुणी तासगावला, तसंच, एका चाळणीत काम होत नाही, एकाखाली एक लावाव्या लागतात, आणि एनएसआरएल ही सगळ्यात वरची, मोठ्या भोकाची.

इथपर्यंत कौतुक झालं. आता जे लोकांना कळत नाही आणि मला पण सुरुवातीला कळलं नव्हतं ते सांगतो. यादीत सापडली म्हणजे फाइल चांगली असं अजिबात नाही. यादी ज्ञात फायलींची आहे, सज्जन फायलींची नाही. निस्ट स्वतः सांगतं की यात हॅकिंगची स्क्रिप्ट, चित्रात मजकूर लपवायची टूलं असलं पण आहे, कारण ते पण सॉफ्टवेअरच. माझ्याकडं एक काकू आल्या होत्या, त्यांना "आज रात्री लाईट तोडणार" असा मेसेज आलेला, फोन केला, समोरच्यानं लॅपटॉपवर एक रिमोटवरनं चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि खात्यातले पैसे गेले. ते सॉफ्टवेअर अगदी अस्सल होतं, कंपनीचंच, आम्ही पण तसलंच वापरतो गिऱ्हाइकाला मदत करायला. त्याचा हॅश ज्ञात येणार, आणि मी "ज्ञात लपव" करून बसलो असतो तर नेमकी चोराची शिडीच नजरेआड झाली असती. ऑटोप्सी नावाच्या तपासाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ज्ञात फायली यादीतनं लपवायचा पर्याय असतो, काम सोपं होतं, पण फसवणुकीच्या केसमध्ये तो पर्याय बंद ठेवा.

आणि कंपनीचीच फाइल बिघडलेली असेल तर? २०१७ मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटरमधला कचरा साफ करायच्या सॉफ्टवेअरचं झालं होतं. आमच्या धंद्यात त्या काळी प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये सीक्लीनर असायचंच. ऑगस्टमध्ये आलेल्या ५.३३ च्या ३२-बिट आवृत्तीत चोरांनी कंपनीच्या आतच घुसून आपला कोड घातला, त्यावर कंपनीची सही पण व्यवस्थित, साइट पण खरी, आणि सप्टेंबरमध्ये उघड झालं तोवर जवळपास महिनाभर लोक उतरवून घेत होते. तेव्हा कुणी डाउनलोडचा हॅश कंपनीच्या हॅशशी जुळवला असता तर तो जुळलाच असता. हॅश एवढंच सांगतो की ही तीच फाइल आहे. ती कशी आहे हे तो सांगत नाही, विचारूच नका त्याला.

उलट बाजू पण तितकीच महत्त्वाची, यादीत नाही म्हणजे व्हायरस नव्हे. आमच्या भागातल्या दूध संस्थांना, पतसंस्थांना इथल्याच पोरांनी बनवून दिलेली बिलिंगची सॉफ्टवेअरं असतात, ती निस्टच्या खोक्यात कशी असणार. अपडेट झाली की फाइल बदलली, हॅश बदलला, यादी तीन महिन्यांनी, म्हणजे कालच्या अपडेटची फाइल आज अनोळखीच दिसणार. माझ्याकडं काम करणारा पोरगा एका संस्थेच्या पीसीवर अशा अनोळखी फायली बघून सरळ डिलीट करायला निघालेला, मी वेळेत बघितलं म्हणून, नाहीतर दहा दिवसांचं दूध बिल गेलं असतं आणि चेअरमन माझ्या दारात.

रोजच्या एकदोन फायलींसाठी एवढी मोठी यादी उतरवायची गरज नाही. लक्झेंबर्गचं सर्कल म्हणून सायबर सुरक्षेचं पथक आहे, त्यांची हॅशलुकअप नावाची फुकट सेवा आहे, तिथं हॅश टाका, एनएसआरएल आणि लिनक्सच्या वितरणांसकट बऱ्याच ठिकाणचं एकत्र शोधून देते. त्यांची ऑफलाइन वापरायची ब्लूम फिल्टर, म्हणजे यादी दाबून बारीक केलेली फाइल पण मिळते, तिची गंमत अशी की "नाही" म्हणाली तर नक्की नाही, "आहे" म्हणाली तर बहुतेक आहे. छोट्या दुकानाला ही सोय मला एनएसआरएलपेक्षा बरी वाटली. व्हायरसटोटल ही फाइलमध्ये व्हायरस आहे का तपासणारी साइट सगळ्यांना माहीत असते, पण तिथं एक पथ्य पाळा, गिऱ्हाइकाची फाइल अपलोड करू नका, कारण वर गेलेली फाइल त्यांच्या पैसे भरणाऱ्या सभासदांना मिळू शकते. आधी फक्त हॅश शोधा. हॅशवरून तुमची फाइल कुणाला परत बनवता येत नाही. हॅश काढायला विंडोजमध्येच सर्टयुटिल आहे, पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश आहे, वेगळं काही घ्यायला नको, आणि "फ्री हॅश चेकर" म्हणून जे जाहिरातीत फिरतं ते तर मुळीच नको.

कुठला हॅश वापरायचा हा वाद आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी होतो. एमडी५ २००४ मध्येच मोडला, चिनी संशोधकांनी एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी करून दाखवल्या. शा-१ चं २०१७ मध्ये तेच झालं, ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेनं आणि गुगलनं दोन वेगळ्या पीडीएफ बनवल्या, शा-१ दोन्हींचा एकच. निस्टनं तर सांगून टाकलंय की २०३० संपेपर्यंत शा-१ वापरातून काढा. पण एक बारीक फरक लोक विसरतात, दोन्ही फायली आपणच बनवून जुळवणं वेगळं, आणि विंडोजच्या आधीच असलेल्या फायलीशी जुळणारी खोटी फाइल बनवणं वेगळं, ते दुसरं एमडी५ ला पण प्रत्यक्षात कुणी करून दाखवलेलं नाही. त्यामुळं कचरा पाखडायला जुना हॅश चालतो. जिथं कुणी मुद्दाम फसवायला बसलंय तिथं शा-२५६ च, आणि यादीत तो असतोच.

हे आता आपल्या कोर्टात पण आलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे सर्टिफिकेट द्यायचं त्याच्या नमुन्यातच हॅश लिहायची जागा आहे, कुठल्या पद्धतीनं काढला त्यावर खूण करायची. मध्यंतरी एक वकील साहेब घाईघाईत आले, म्हणाले, "ह्या सीसीटीव्हीच्या फायलीचा तो हॅश का काय तो काढून द्या, तारीख उद्या आहे." काढून दिला. मग त्यांनी तीच क्लिप क्लार्कला व्हॉट्सॲपवर पाठवली आणि क्लार्कनं ती सीडीवर घातली. व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेली क्लिप, हॅश कुठनं जुळणार! परत आले, मूळ फाइल पेनड्राइव्हवर दिली. तक्रार करत होते की तुमचा नंबर चुकला, म्हणलं साहेब नंबर बरोबर आहे, फाइल बदलली, आणि हे इथं माझ्यासमोर कळलं म्हणून बरं, समोरच्या वकिलासमोर कळलं असतं तर.

मार्क द्यायचेच तर एनएसआरएलला पाचपैकी चार. फुकट, मूळ खोक्यापर्यंत माग लागतो अशी नोंद, नियमित अपडेट. एक कापला तो आकारासाठी आणि नवख्याला हात धरून काही सांगत नाही म्हणून, सगळी कागदपत्रं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येते असं गृहीत धरून लिहिलेली आहेत. ज्यांचं काम रोज डेटा रिकव्हरीचं आहे त्यांनी घ्याच. ज्यांना फक्त डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर बरोबर आहे का बघायचंय त्यांना हे नको, कंपनीच्या साइटवरचा हॅश आणि डिजिटल सही बघा, झालं.

आण्णांना फोटो दिले, कागद पण मिळाले, बरेचसे सातबारे नीट उघडले. पाकिटातनं पैसे काढता काढता आण्णांनी नातवाला फोन लावला आणि मग मला म्हणाले, "पोरगं विचारतंय त्यातला पेंग्विनचा फोटो आहे का, तीन पेंग्विन उभे, लहानपणी सारखा तोच बघत बसायचं." मला पाच मिनिटं कळंना कसले पेंग्विन. मग ट्यूब पेटली, विंडोज ७ बरोबर नमुन्याचे फोटो यायचे, ट्यूलिप, कोआला, पेंग्विन, ते. एनएसआरएलनं ते पहिल्याच रात्री ओळखून कचऱ्यात काढले होते, मी पण खुशीत होतो. नशीब मी जुळलेल्या फायली डिलीट करत नाही, वेगळ्या फोल्डरात ठेवतो काम संपेपर्यंत. यादीतनं पेंग्विनचा हॅश काढला, फोल्डरात शोधला, मिळाला. आण्णांच्या पेनड्राइव्हवर लग्नाच्या फोल्डरातच टाकून दिला.